नवा ब्राउझर : काय बदलले आणि आपण काय शिकावे

स्मरणिकेत दरवर्षी धम्म, चळवळीचा इतिहास, शिक्षण आणि आरोग्य या विषयांवरील लेख असतात. यंदा त्यांत ब्राउझरसारखा विषय कशासाठी, असा प्रश्न काही ज्येष्ठ सभासदांना पडेल. म्हणून आरंभी एक घटना सांगतो.

शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. पदविकेच्या दुसऱ्या वर्षात शिकणारी एक विद्यार्थिनी संध्याकाळी आमच्या वाचनालयातील संगणकावर अर्ज भरण्यास बसली. पान उघडले, माहिती भरून झाली, परंतु अर्ज सादर करण्याचे बटण दाबले की काहीच होत नसे. आपलेच काही चुकले असावे असे समजून तिने तोच अर्ज चार वेळा भरला. अखेर रात्री साडेदहाच्या सुमारास एका सभासदाच्या घरच्या संगणकावर तो पहिल्याच प्रयत्नात गेला. दुसऱ्या दिवशी आम्ही तपास केला तेव्हा कळले की, चूक तिची नव्हती आणि संकेतस्थळाचीही नव्हती. आमच्या संगणकावरील ब्राउझर चार वर्षांहून अधिक काळ नवा केलेला नव्हता. दोष आमचा होता, आणि त्याची किंमत तिला शिक्षणाच्या एका वर्षाने मोजावी लागली असती.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. ती मिळविण्यासाठी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलेले कष्ट आपणांस ठाऊक आहेत. आज अशा हक्काच्या दारावर ब्राउझर उभा आहे. शिष्यवृत्ती, प्रवेश, जातपडताळणी, नोकरीचा अर्ज, परीक्षेचा निकाल ही सर्व कामे त्याच्यातून जातात. म्हणून हे दार कसे आहे आणि त्यात काय सुधारणा झाल्या, याचा अभ्यास आपण करावयास हवा. प्रस्तुत लेखात आम्ही फायरफॉक्स हा ब्राउझर उदाहरणादाखल घेतला आहे. तो विनामूल्य आहे, त्याची मूळ संहिता कोणासही पाहता येते, आणि तो मराठीतही मिळतो.

१. ब्राउझर म्हणजे काय?

महाजालावरील मजकूर दूरच्या संगणकांवर साठविलेला असतो. तो मागवून, त्याची मांडणी करून आपल्या पडद्यावर दाखविणारा कार्यक्रम म्हणजे ब्राउझर. मराठीत काही लेखक त्यास 'न्याहाळक' म्हणतात. अनेक विद्यार्थी ब्राउझर, शोधयंत्र आणि इंटरनेट यांना एकच समजतात. इंटरनेट हा रस्ता आहे, शोधयंत्र हा पत्ता सांगणारा आहे, आणि ब्राउझर हे आपले वाहन आहे. वाहन जुने झाले तर रस्ता चांगला असूनही प्रवास अडतो.

टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधनसंस्थेत १९९० साली पहिला ब्राउझर तयार केला. १९९३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मोझाइक तयार झाला आणि सामान्य माणसाला चित्रांसह पाने पाहता येऊ लागली. १९९४ मध्ये नेटस्केप आणि १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर आला. त्याच १९९५ साली १५ ऑगस्ट रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. पुढे नेटस्केप मागे पडला, परंतु १९९८ साली त्याने आपली संहिता सर्वांसाठी खुली केली. तिच्यातून मोझिला प्रकल्प उभा राहिला आणि ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली आवृत्ती बाहेर पडली. जून २००८ मध्ये तिसरी आवृत्ती आली तेव्हा २४ तासांत ८० लाखांहून अधिक लोकांनी ती उतरवून घेतली, आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. गूगलचा क्रोम त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आला. इंटरनेट एक्सप्लोररला १५ जून २०२२ रोजी निवृत्त करण्यात आले. एकेकाळी ज्याच्याविना सरकारी कार्यालयाचे पान उघडत नसे, तोही गेला. अनित्यतेचा नियम यंत्रालाही चुकत नाही.

२. वेग : कामाची वाटणी

१४ नोव्हेंबर २०१७ रोजी फायरफॉक्सची ५७वी आवृत्ती आली. तिला 'क्वांटम' असे नाव दिले होते. आतील बदल समजण्यासाठी आपण भोजनदानाचे उदाहरण घेऊ. १४ एप्रिलला शेकडो लोकांचे जेवण करावयाचे आहे आणि एकच कार्यकर्ता भाजी चिरतो, भात शिजवतो व वाढतोही, तर पंगत खोळंबणारच. चार जणांनी काम वाटून घेतले तर तेच काम लवकर उरकते. आजच्या संगणकाच्या प्रक्रियकात चार किंवा अधिक गाभे असतात. पूर्वी पानाच्या मांडणीचे गणित एकाच गाभ्यावर चाले आणि बाकीचे रिकामे बसत. क्वांटममध्ये हे गणित सर्व गाभ्यांवर एकाच वेळी करण्याची सोय झाली. हा भाग रस्ट या नव्या संगणकभाषेत लिहिला गेला. स्मृतीच्या हाताळणीतील अनेक धोकादायक चुका ही भाषा मुळातच होऊ देत नाही.

त्याआधी ऑगस्ट २०१६ मधील ४८व्या आवृत्तीपासून ब्राउझरचा सांगाडा आणि आतील पाने वेगळी चालविण्यास सुरुवात झाली होती. पूर्वी एक पान अडकले की संपूर्ण ब्राउझर बंद पडे आणि अर्धा भरलेला अर्ज जाई. आता बहुधा तेवढाच टॅब बंद पडतो.

प्रत्येक सुधारणेची किंमत असते, हेही सांगितले पाहिजे. क्वांटमबरोबर जुन्या पद्धतीची सर्व पूरके बंद झाली. अनेकांनी वर्षानुवर्षे वापरलेली साधने एका रात्रीत निकामी झाली आणि लोक नाराज झाले. परंतु त्या पूरकांना ब्राउझरच्या आत कोठेही हात घालता येत असे. ती वाट मोकळी ठेवून वेग आणि सुरक्षा या दोन्ही गोष्टी साधणे कठीण होते.

३. पत्ता वाचण्याची विद्या

तिसऱ्या आवृत्तीपासून (२००८) पत्त्याची पट्टी शहाणी झाली. पूर्वी पाहिलेल्या पानाच्या नावातील एखादा शब्द टाइप केला तरी ते पान सापडू लागले. ५७व्या आवृत्तीपासून पत्ता आणि शोध यांची पट्टी एकच झाली. सोय वाढली, परंतु तिच्याबरोबर एक सवय मोडली. मुले आता पत्ता लिहीत नाहीत, नाव टाइप करून जे पहिले दिसेल ते उघडतात. जाहिरात देऊन वर आलेले खोटे पानही तेथे असू शकते.

म्हणून विद्यार्थ्यांनी पत्ता वाचण्यास शिकावे. पहिल्या एकेरी तिरप्या रेघेपर्यंतचा भाग घ्यावा आणि तो उजवीकडून डावीकडे वाचावा. केंद्र व राज्य सरकारच्या संकेतस्थळांचे पत्ते बहुधा 'डॉट गव्ह डॉट इन' किंवा 'डॉट एनआयसी डॉट इन' असे संपतात. समजा, पत्ता 'शिष्यवृत्ती डॉट गव्ह डॉट इन डॉट अमुक डॉट कॉम' असा आहे. डावीकडून वाचणाऱ्यास तो सरकारी वाटेल, पण उजवीकडून वाचणाऱ्यास कळेल की मालक 'अमुक डॉट कॉम' आहे आणि पुढचे सर्व त्याने लावलेली पाटी आहे.

कुलपाच्या चिन्हाविषयीही गैरसमज आहे. कुलूप म्हणजे तुमची माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पलीकडे बसलेला प्रामाणिक आहे, असे ते सांगत नाही. चोरालाही स्वतःच्या दाराला कुलूप लावता येते. याच गैरसमजामुळे क्रोमने २०२३ साली ते चिन्ह काढून दुसरे ठेवले. फायरफॉक्समध्ये नोव्हेंबर २०२० च्या ८३व्या आवृत्तीपासून केवळ सुरक्षित जोडणीच वापरण्याची सोय मिळाली. ती सुरू ठेवली तर असुरक्षित पान उघडण्यापूर्वी ब्राउझर थांबून विचारतो.

भगवान बुद्धांनी केसपुत्त येथे कालामांना केलेला उपदेश आपण विहारात ऐकतो. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा वाटतो म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या, असा त्याचा आशय आहे. मोबाईलवर आलेला 'सरकारी योजनेचा' दुवा दाबण्यापूर्वी हाच उपदेश लावावा.

४. मागावर राहणारे डोळे

आपण एखादे पान उघडतो तेव्हा ते आपल्या ब्राउझरमध्ये एक लहानशी नोंद ठेवू शकते. तिला कुकी म्हणतात. दवाखान्यात क्रमांकाचे टोकन देतात तशी ती असते, आणि ती नसती तर प्रत्येक पानावर पुन्हा प्रवेश करावा लागला असता. अडचण निराळीच आहे. एकच जाहिरात-कंपनी शेकडो संकेतस्थळांवर हजर असते आणि सर्व ठिकाणी एकच टोकन तपासून आपण कोठे कोठे फिरलो ते जुळवते. कोण कोणता आजार शोधतो, कोण नोकरीच्या शोधात आहे, कोण कोणत्या प्रमाणपत्राविषयी वाचतो, या गोष्टी अशा रीतीने एकत्र होऊ शकतात. ज्या समाजाने आडनाव विचारल्यानंतर बदललेले चेहरे पाहिले आहेत, त्याला आपली माहिती कोणाच्या हाती जाते याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

सप्टेंबर २०१९ पासून फायरफॉक्सने असा माग काढणाऱ्या ज्ञात कुकी सर्वांसाठी आपोआप अडविण्यास सुरुवात केली. जून २०२२ पासून आणखी एक पाऊल टाकले. प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी निराळ्या बरणीत ठेवण्यात येऊ लागल्या. एका बरणीतील टोकन दुसऱ्या ठिकाणी दिसतच नाही, त्यामुळे जुळवाजुळव कठीण होते.

आणखी दोन लहान परंतु वाचनालयास उपयोगी सुधारणा सांगतो. मार्च २०१९ च्या ६६व्या आवृत्तीपासून पान उघडताच आपोआप वाजू लागणारे आवाज अडविले जातात. जानेवारी २०२० च्या ७२व्या आवृत्तीपासून 'सूचना पाठवू का?' असे विचारून त्रास देणाऱ्या चौकटी मागे टाकण्यात आल्या. शांत बसून वाचणाऱ्यास या दोहोंचे मोल कळेल.

५. सार्वजनिक संगणक आणि पासवर्ड

आपल्या बहुतेक विद्यार्थ्यांकडे स्वतःचा संगणक नाही. ते वाचनालयात, महाविद्यालयात किंवा नेट कॅफेत बसतात. त्यांच्यासाठी खाजगी खिडकीची सोय फार महत्त्वाची आहे. ती फायरफॉक्समध्ये २००९ सालच्या ३.५ आवृत्तीपासून आहे. या खिडकीत पाहिलेल्या पानांची यादी, कुकी आणि अर्जात टाइप केलेली माहिती खिडकी बंद केल्यावर ब्राउझर ठेवत नाही. मात्र तिची मर्यादाही ओळखावी. ज्या संकेतस्थळावर आपण गेलो ते, इंटरनेट पुरविणारी कंपनी आणि महाविद्यालयाचे जाळे चालविणारा यांना आपला प्रवास दिसू शकतो. उतरवून घेतलेली कागदपत्रेही संगणकावर राहू शकतात. आधार कार्डाची किंवा जातीच्या दाखल्याची प्रत दुसऱ्याच्या संगणकावर राहिली, तर खाजगी खिडकीने काही वाचत नाही. ती स्वतः शोधून पुसावी लागते.

'पासवर्ड लक्षात ठेवू का?' असे ब्राउझर विचारतो, तेव्हा सार्वजनिक संगणकावर नेहमी नकार द्यावा. स्वतःच्या संगणकावर होकार देण्यास हरकत नाही, परंतु मग सर्व पासवर्डांवर एक मुख्य पासवर्ड ठेवावा. तो न ठेवल्यास संगणकावर बसलेल्या दुसऱ्या व्यक्तीच्या हाती पासवर्ड पडण्याचा धोका वाढतो.

६. मराठी अक्षरांचा प्रश्न

नव्वदच्या दशकात आणि नंतरही काही वर्षे प्रत्येक मराठी संकेतस्थळाचा स्वतःचा फॉन्ट असे. तो उतरवून घेतला नाही तर पानावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसे. आमच्या जुन्या स्मरणिकांच्या संगणकीय प्रती उघडल्या की आजही हेच होते. त्या काळच्या फॉन्टने इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. फॉन्ट गेला की लेख गेला.

१९९१ साली आलेल्या युनिकोडने प्रत्येक अक्षराला कायमचा क्रमांक दिला. मग फॉन्ट कोणताही असो, 'क' हा 'क'च राहतो. परंतु क्रमांक मिळाला म्हणून अक्षर नीट दिसेलच असे नाही. 'ि' ही वेलांटी व्यंजनानंतर साठविली जाते पण आधी दाखवावी लागते. 'विद्यार्थी' या शब्दातील रफार साठवताना 'थ'च्या आधी असतो आणि दाखवताना वर चढतो. 'दुसऱ्या' आणि 'आचार्य' या शब्दांत 'र' व 'य' जोडले आहेत, पण दोन्हींचे रूप निराळे आहे. हे सर्व ब्राउझर आणि फॉन्ट मिळून ठरवितात. जुन्या ब्राउझरमध्ये वेलांटी भलत्या अक्षरावर बसे किंवा रिकाम्या ठिपक्यांचे वर्तुळ दिसे. नव्या आवृत्त्यांत हा दोष बहुतांशी गेला. शिवाय २००९ च्या ३.५ आवृत्तीपासून पानाबरोबर त्याचा फॉन्टही आपोआप येऊ लागला, त्यामुळे वाचकाला वेगळे काही उतरवावे लागत नाही.

यामुळेच इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने महाजालावर ठेवलेले पालि तिपिटक आज खेड्यातील विद्यार्थीही देवनागरीत वाचू शकतो. जे वाङ्मय पाहण्यासाठी पूर्वी मोठ्या शहराच्या ग्रंथालयात जावे लागे, ते विहारातल्या पडद्यावर उघडते.

७. ग्रंथ वाचणे व अर्ज भरणे

महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचे इंग्रजी खंड आज पीडीएफ स्वरूपात उपलब्ध आहेत. पूर्वी अशी प्रत पाहण्यास वेगळा कार्यक्रम बसवावा लागे. फेब्रुवारी २०१३ च्या १९व्या आवृत्तीपासून फायरफॉक्समध्येच पीडीएफ उघडू लागली. २०२० मध्ये तिच्यातील रकाने भरण्याची, आणि ऑक्टोबर २०२२ च्या १०६व्या आवृत्तीत तिच्यावर मजकूर लिहिण्याची व रेखाटण्याची सोय झाली. छापून, हाताने भरून, पुन्हा स्कॅन करण्याचा खर्च त्यामुळे वाचतो. नेट कॅफेत पानागणिक पैसे मोजणाऱ्या मुलाला याचा अर्थ चांगला कळतो.

ज्येष्ठांसाठी वाचनदृश्य ही सोय आहे. तिने जाहिराती बाजूला होतात आणि अक्षर मोठे करता येते.

८. जुन्या संगणकाचे काय?

आमच्या वाचनालयातील तो संगणक विंडोज ७ चा होता. मायक्रोसॉफ्टने या प्रणालीचा आधार जानेवारी २०२० मध्ये काढून घेतला. क्रोमची १०९वी (जानेवारी २०२३) आणि फायरफॉक्सची ११५वी (जुलै २०२३) या तिच्यावर चालणाऱ्या शेवटच्या आवृत्त्या ठरल्या. विंडोज १० चाही सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. भेट म्हणून मिळणारे संगणक बहुधा जुनेच असतात, म्हणून हा प्रश्न अनेक संस्थांपुढे येणार. आम्ही त्या संगणकावर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली बसविली आणि तिच्यावर नवा फायरफॉक्स चालू लागला. पहिले आठ दिवस मुले गोंधळली, नंतर कोणी तक्रार केली नाही.

संस्थांसाठी फायरफॉक्सची दीर्घ आधाराची आवृत्ती निराळी मिळते. तिच्यात दिसण्यातील बदल वारंवार होत नाहीत, परंतु सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात. रोज निरनिराळी मुले बसतात अशा वाचनालयास ती सोयीची आहे.

'चालते आहे ना, मग बदलता कशाला?' असे आपल्यातील अनेक जण म्हणतात. एखादी दुरुस्ती प्रसिद्ध होते तेव्हा जुन्या आवृत्तीत फट कोठे होती हेही जाहीर होते. ज्याने दुरुस्ती घेतली नाही त्याच्या घराची फट मग सर्वांना ठाऊक असते. म्हणून नवीकरण आपोआप होऊ द्यावे आणि महिन्यातून एकदा मदत या यादीतील 'फायरफॉक्सविषयी' हा पर्याय उघडून आवृत्ती तपासावी.

समारोप

क्रोम, एज, ऑपेरा हे ब्राउझर नावाने वेगळे असले तरी त्यांचे इंजिन एकच आहे. फायरफॉक्सचे इंजिन निराळे असले, तरी त्याच्या संस्थेचे बरेचसे उत्पन्न गूगलकडून शोधयंत्राच्या करारापोटी येते, हेही विसरू नये. आम्ही कोणा एकाची जाहिरात करीत नाही. विद्यार्थ्यांनी कोणताही ब्राउझर वापरावा, पण तो जाणून, नवा ठेवून वापरावा.

महापरिनिर्वाणापूर्वी तथागतांनी भिक्खूंना अखेरची शिकवण दिली ती अप्रमादाची, सदैव सावध राहण्याची. आमचा प्रमाद एका मुलीच्या वर्षावर बेतणार होता. तेव्हापासून प्रत्येक पौर्णिमेला वंदनेनंतर एक कार्यकर्ता वाचनालयातील संगणकाची आवृत्ती तपासतो आणि वहीत नोंद करतो. पाच मिनिटांचे काम आहे. प्रत्येक शाखेने ते सुरू करावे, अशी आमची विनंती आहे.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१. आपल्या संगणकावरील किंवा मोबाईलवरील ब्राउझरची आवृत्ती शोधून लिहा. ती शेवटची केव्हा नवी झाली?
२. कुलपाचे चिन्ह कोणती हमी देते आणि कोणती देत नाही?
३. एका सरकारी संकेतस्थळाचा पत्ता उजवीकडून डावीकडे वाचून त्याचा मालक ओळखा.
४. खाजगी खिडकी बंद केल्यावर काय पुसले जाते आणि काय उरते?
५. 'दुसऱ्या', 'आचार्य' आणि 'विद्यार्थी' हे शब्द टाइप करा व ब्राउझरमध्ये ते नीट दिसतात का, ते पाहा.
६. घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीस यांपैकी एक गोष्ट शिकवा.

जय भीम! नमो बुद्धाय!